गार असताना १४.१, तापल्यावर १२.३: कॉइलने शेवटी कबुली दिली

तापल्यावर माझ्या इंजिनाचं बॅटरी चार्जिंग का बंद पडतं, याचा शोध चालू आहे. मागच्या अपडेटमध्ये नवा आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलच्या एसीचं बॅटरीजोगं डीसी करणारा डबा) लावला होता आणि लक्षण जिथल्या तिथेच होतं. गार इंजिनावर बॅटरीला १४.१ व्होल्ट, इंजिन नीट तापलं की घसरत घसरत १२.३. म्हणजे चार्जिंग बंद, आणि वर फ्युएल सोलेनॉइड (इंधन चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बॅटरीतूनच खातोय.

बाकीचे संशयित आधी निकाली काढतो. आरआरच्या बॉडीखालचा रंग खरवडून अर्थ केलाय. चालू इंजिनावर आरआरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह फक्त ०.०४ व्होल्ट ड्रॉप, म्हणजे अर्थ पक्का. बुलेट कनेक्टर सगळे बदलले. (रंगीत प्लॅस्टिकवाले स्वस्त क्रिंप इंजिनजवळ लावूच नका, उष्णतेने सैल पडतात.) बॅटरी रात्रभर ठेवून १२.७, तिच्यात खोट नाही.

उरली कॉइल, म्हणजे फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवर वीज तयार करणारी गुंडाळी. आणि ती तर दर वेळी पास होत होती! आरआर सोडवून ३००० आरपीएमला उघड्या तारेवर एसी मोजलं, गार इंजिनावर २८ आणि गरमवरही २८. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वाटेत एखाद-दोन ओहमचा कच्चा सांधा असेल, तर तो मीटरला दिसणार कसा? म्हणून इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब पॅरलल करून थेट कॉइलच्या तारेवर लावले. गार असताना लख्ख, १२ व्होल्टच्या आसपास. इंजिन तापत गेलं तसे बल्ब पिवळे, मग निखाऱ्यासारखे लाल, आणि मीटरवर ५. कॉइलला आरआर, बॅटरी, वायरिंग काहीच जोडलेलं नसताना! यापुढे विनालोड (मीटरशिवाय काहीच न जोडता घेतलेल्या) एसी रीडिंगवर कॉइलला चांगल्या वर्तनाचा दाखला द्यायचा नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय.

मीटरबद्दल जाता जाता: आपलं फ्लायव्हील १२ पोलचं, म्हणजे एका फेऱ्यात सहा सायकल, ३००० आरपीएमला ३०० हर्ट्झ. बऱ्याच स्वस्त मीटरची एसी रेंज ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते, काहींची त्याहून कमी. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा जुळला नाही तर घाबरू नका. गार आणि गरम यांतला फरक बघा.

फ्लायव्हील पुलरने काढलं. हातोडीने ठोकून काढणाऱ्यांशी माझं जमत नाही, मॅग्नेट तडकतात. फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारी चावी शाबूत होती. आता ओहम मोजून उपयोग नव्हता, कारण कॉइल ०.४ ओहमची आणि मीटरच्या प्रोबच ०.२ दाखवतात. त्यापेक्षा बेंच सप्लायवरून २ अँपिअर स्थिर करंट कॉइलमधून सोडला आणि प्रत्येक तुकड्यावरचा ड्रॉप वेगळा मोजत हीट गन फिरवली. गुंडाळीवर ०.८० व्होल्ट होते ते हळूहळू ०.९७ झाले. तो तांब्याचा स्वभाव, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के रेझिस्टन्स वाढतोच. बाहेर येणाऱ्या तारेचा सांधा ढिम्म. मग प्रोब अर्थच्या लगवर नेली, जिथे कॉइलचं दुसरं टोक कोअरला (गुंडाळीच्या लोखंडी गाभ्याला) सोल्डर केलंय. गार असताना ६ मिलिव्होल्ट. गरम हवा लागली आणि आकडा ३ व्होल्टच्या वर जाऊन नाचायला लागला. लाकडी काडीने तार किंचित दाबली की परत खाली! इतक्या महिन्यांत मीटरकडे बघून पहिल्यांदाच हसलो.

सोल्डर वरून चकचकीत होतं. वितळवून बघितलं तर आत तारेवर इनॅमल (इन्सुलेशनचा लेप) जवळजवळ पूर्ण शाबूत; कारखान्यात कुणी नीट खरवडलंच नव्हतं. कडेच्या जरा उघड्या तांब्यावर सगळा संसार चालू होता आणि गरमीत तोही सुटायचा.

बेत होता की खरवडून परत तिथेच सोल्डर करायचं आणि फ्लायव्हील बसवून टाकायचं. पण टोक हातात मोकळं आलं आणि डोक्यात आलं, हे परत अर्थला जोडायचंच कशाला? दोन्ही टोकं बाहेर काढली तर कॉइल फ्लोटिंग होते, म्हणजे बॉडीला कुठेच जोडलेली राहत नाही, फुल वेव्ह आरआर लावता येतो, आणि आजवर वाया जाणारी अर्धी सायकल बॅटरीला मिळते. मग काय, केलंच. इनॅमल ब्लेडने तांबं दिसेपर्यंत काढलं, लवचिक तार गुंडाळून सोल्डर केली, वर फायबरग्लास स्लीव्ह, आणि सांधा दोऱ्याने कोअरला बांधून वॉर्निश. साधं हीट श्रिंक तिथे नको. खरी कटकट ग्रोमेटची झाली. एका तारेच्या भोकातून दोन काढताना तासभर गेला असेल. जोडण्याआधी दोन्ही तारांपासून इंजिन बॉडीपर्यंत कंटिन्युइटी नाही ना, हे बघाच. कुठेही बॉडीला टेकलं तर फुल वेव्ह ब्रिजमधले डायोड गेलेच समजा.

फुल वेव्ह आरआर दोन पिवळ्या तारांचा आला, सोबत वायरिंगची चिठ्ठी नाही. विक्रेते एवढा कागद का वाचवतात कळत नाही. डायोड टेस्टवर पिन ओळखून जोडला.

निकाल: इंजिन पूर्ण तापलेलं, ३००० ला १४.३, आयडलला १३.४. अर्धवट उतरलेल्या बॅटरीत पूर्वी गार इंजिनावर जेमतेम २ अँपिअर जात होते, आता गरमवर ३.५.

एक नवी गोष्ट मात्र खुपतेय. हा आरआर शंट प्रकारचा. बॅटरी भरली की तो कॉइल शॉर्ट करतो, तेही आता दोन्ही सायकलींना, म्हणजे तीच कॉइल आणखी तापणार. कोअरला थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) चिकटवून ठेवलंय. आकडे पटले नाहीत तर सिरीज आरआर. तो कॉइल उघडी सोडतो, त्यामुळे त्याच्यावर विनालोडचे २८ व्होल्ट, म्हणजे शिखराला ४० च्या आसपास, येणार. १०० व्होल्टच्या खालचे मॉसफेट (त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्यायचे नाहीत, इतकं तूर्त नक्की.