सातवे कार्ड

उत्तर इराकमध्ये दुहोकजवळच्या विस्थापितांच्या छावणीत यझिदी या, इसिसच्या अत्याचारांना बळी पडलेल्या अल्पसंख्य धर्मसमाजातल्या एका बाईंसमोर मी वही उघडून बसले, तेव्हा त्यांनी उशाखालून रबर लावलेली सहा व्हिजिटिंग कार्डे काढून माझ्यापुढे ठेवली. माझ्याआधी येऊन गेलेल्या पत्रकारांची, वकिलांची आणि संशोधकांची ती कार्डे होती. दुभाषी मुलीने त्यांचे म्हणणे हळू आवाजात सांगितले: "यांच्यापैकी कुणालाही विचारा, मी सगळे सांगितले आहे." तरीही मी आणखी दोन प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरेही दिली, याची बोच आजही गेलेली नाही.

युद्धातील लैंगिक अत्याचारांतून वाचलेल्या स्त्रियांसाठी मी गेली अनेक वर्षे प्रवास करते आहे. बाईने बोलावे आणि आपण तिचे बोलणे सत्तेपर्यंत पोहोचवावे, एवढेच आपले काम आहे, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीला आधारही होता. रवांडातील नरसंहाराबद्दल झाँ-पॉल अकायेसू या नगरप्रमुखावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला सुरू झाला, तेव्हा मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. १९९७ मध्ये एका साक्षीदार स्त्रीने दुसऱ्याच घटनेविषयी बोलताना आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितले. न्यायपीठावर दक्षिण आफ्रिकेच्या न्यायाधीश नवनेथेम ऊर्फ नवी पिल्ले होत्या. न्यायाधीशांनी तो धागा सोडला नाही, पुढे आरोपपत्रात दुरुस्ती झाली आणि २ सप्टेंबर १९९८ रोजी बलात्कार हेही नरसंहाराचे कृत्य ठरू शकते, असा निर्णय प्रथमच दिला गेला. त्या बाई बोलल्या नसत्या, तर आरोपपत्र तसेच राहिले असते, असे मला वाटते.

पण न्यायालयात एकदा दिलेली साक्ष वेगळी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर तीच जखम उघडी करणे वेगळे. इराकच्या संसदेने १ मार्च २०२१ रोजी इसिसच्या अत्याचारांतून वाचलेल्या यझिदी स्त्रियांसाठी कायदा केला. त्यात मासिक भत्ता, जमीन आणि शिक्षण यांची तरतूद आहे. तुर्कमेन, ख्रिस्ती आणि शबक समाजांतील स्त्रियाही त्यात येतात. कायदा चांगलाच आहे. मात्र अंमलबजावणीत अर्जासोबत फौजदारी तक्रारीची कागदपत्रे मागितली जाऊ लागली, म्हणजे पुन्हा पोलीस ठाणे, पुन्हा अनोळखी पुरुष अधिकारी आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे. भत्त्यासाठी बाईला एवढी किंमत मोजायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

काँगोमधील बुकावू येथे डॉ. डेनिस मुकवेगे यांनी १९९९ मध्ये उभारलेल्या पांझी रुग्णालयात शस्त्रक्रिया, समुपदेशन, वकिलाची मदत आणि पुढच्या उपजीविकेचा आधार हे सारे एकत्र मिळते, त्यामुळे बाईला दारोदार आपली कहाणी घेऊन फिरावे लागत नाही. इसिसच्या कैदेतून सुटलेल्या आणि नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या नावाने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आचारसंहितेचा रोखही तोच आहे: भेटण्याआधी पूर्वीच्या नोंदी शोधा, खरोखर गरज असेल तरच विचारा, आणि "नाही" हे उत्तर पूर्ण उत्तर म्हणून स्वीकारा. ती वाचताना मला उशाखालची कार्डे आठवली.

त्यानंतर मी त्या सहाही जणांशी संपर्क साधला. चार नंबर बंद होते, एकाने टिपणे हरवल्याचे सांगितले, आणि एका वकील बाईंकडे मात्र संपूर्ण जबानी तारखेसह जपून ठेवलेली निघाली. पुढच्या खेपेला ती प्रत घेऊन मी छावणीत गेले. बाईंनी दुभाषीकडून ती शब्दन् शब्द वाचून घेतली, गावाचे चुकलेले नाव दुरुस्त करायला लावले आणि ती अर्जाला जोडायला संमती देत सही केली. मग कार्डांचा गठ्ठा काढून वकील बाईंचे कार्ड बाजूला ठेवले आणि उरलेल्यांना रबर लावले. त्यांत माझेही होते.