मग शोधलंच कशाला?

“मावशी, डोळ्यातला कोन अरुंद आहे, पण लेसर आत्ता नको, दरवर्षी येऊन दाखवत जा.” डॉक्टर एवढंच बोलले आणि आत्या तडकलीच, “मग शोधलंच कशाला?”

काय बोलणार. थेंब घालून डोळा बधिर केलेला, त्यावर ते आरशाचं भिंग टेकवून आतलं पाणी बाहेर जायची वाट, म्हणजे तो कोन, किती उघडी आहे ते बघितलेलं (अरुंद असेल तर पुढे काचबिंदू होऊ शकतो), आणि एवढं करून उपचार नाहीच. तिला वाटलं टाळतायत.

मी नंतर वाचलं तर डॉक्टरांचं बरोबर वाटायला लागलं. चीनमध्ये ग्वांगझूला अशाच 889 जणांच्या फक्त एका डोळ्यात लेसरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडलं, दुसरा तसाच ठेवला. 6 वर्षांत लेसरवाल्या 19 डोळ्यांत आजार पुढे सरकला, लेसर न केलेल्या 36 डोळ्यांत. म्हणजे फायदा आहे, पण साधारण 44 जणांना केलं की एकाचा आजार पुढे सरकायचा टळतो, आणि टळतो म्हणजे आंधळेपणा नाही हां, बहुतेक वेळा फक्त पुढची पायरी. 2019 ला हे छापून आलं, सरसकट सगळ्यांना लेसर नको असंच त्यांचंही म्हणणं.

डोळ्यातलं प्रेशर आधीच वाढलेल्यांचं वेगळं, तिथे थांबून चालत नाही, कधीकधी तर मोतीबिंदू नसतानाही डोळ्यातलं मूळचं भिंग काढून नवीन लेन्स टाकतात.

शिबिरं घेऊन हजारोंचे कोन तपासणं एकवेळ जमेलही. पण “बघत राहू” म्हणून घरी पाठवलेली माणसं, ज्यांना ना काही दुखतंय ना कमी दिसतंय, ती पुढच्या वर्षी येतील? आणि नाही आली तर बोलवायचं कोणी?