लिफ्ट केलेल्या पिकअपचे सस्पेन्शन: कोणते भाग कंपनीचे, कोणते आफ्टरमार्केट

पिकअप दोन-तीन इंच उचलली, मोठे टायर बसवले आणि काही काळ वापरली की सस्पेन्शनमधला एखादा भाग बदलण्याची वेळ येतेच. त्या वेळी गाडी बनवणाऱ्या कंपनीचाच भाग घ्यावा की आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या उत्पादकाने बनवलेला, हा प्रश्न समोर येतो. काहींना कंपनीच्या खोक्याबाहेरचे काहीच चालत नाही, तर काहींना लिफ्ट केलेल्या गाडीत कंपनीचा एकही भाग राहिलेला बघवत नाही. मला या दोन्ही भूमिका पटत नाहीत. हा निर्णय प्रत्येक भागासाठी वेगळा घ्यावा लागतो आणि तो घेताना मी एकच गोष्ट तपासतो: गाडी उचलल्यामुळे या भागाला पूर्वीपेक्षा वेगळ्या लांबीवर, वेगळ्या कोनात किंवा वेगळ्या वजनाखाली काम करावे लागणार आहे का? लागणार असेल, तर कंपनीचा भाग कितीही उत्तम असला तरी तो त्या कामासाठी घडवलेला नाही. लागणार नसेल, तर कंपनीच्या भागाइतका कसून तपासलेला भाग बाहेर क्वचितच मिळतो.

आजच्या बहुतेक पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असते, म्हणजे प्रत्येक चाकाला एक अप्पर आर्म, एक लोअर आर्म (चाक चॅसीला जोडणारे वरचा आणि खालचा दांडा) आणि स्प्रिंगसह जोडलेला शॉक (धक्के शोषणारा भाग), ज्याला स्ट्रट किंवा कॉइलओव्हर म्हणतात. मागे अखंड एक्सल आणि स्प्रिंगचे काम करणारे पोलादी पाटे असतात. पुढच्या शॉकचे खालचे टोक चाकापाशी नसून लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसते, त्यामुळे शॉकच्या डोक्यावर एक इंच जाडीचा स्पेसर ठेवला की गाडी एक नव्हे, तर जवळपास दोन इंच उचलली जाते. स्वस्त लिफ्ट किटचे सगळे आकर्षण या गणितात आहे आणि त्यांचा धोकाही त्यातच आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये चाक खाली किती लोंबू शकते हे शॉकची लांबीच ठरवते. स्पेसरमुळे ती लांबी वाढते, चाक कंपनीने आखलेल्या मर्यादेच्या खाली उतरू लागते आणि बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, खोबणीत बॉल फिरणारा सांधा), ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (कोनात असतानाही चाक फिरवणारे सांधे) व ब्रेकचे होज या सर्वांवर एकाच वेळी ताण येतो. चाक पूर्ण वर दाबले गेले, तर उलट अडचण होते, कारण रबरी बंपस्टॉप टेकण्याआधीच शॉकचा दट्ट्या तळाला आदळू शकतो. म्हणून कंपनीचा शॉक आणि वर स्पेसर ही जोडी मी फक्त गाडीचे नाक इंचभर उचलून पुढची-मागची उंची सारखी करण्यापुरती स्वीकारतो. त्याहून जास्त उंची हवी असेल, तर शॉक आणि स्प्रिंग त्या उंचीसाठी बनवलेलेच घ्यावेत, आणि ते आफ्टरमार्केटच असणार.

येथे एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. आफ्टरमार्केट कॉइलओव्हरवर उंची कमीजास्त करण्यासाठी आटे असलेली कॉलर असते आणि ती फिरवून गाडी हवी तितकी वर नेता येते असे वाटते. प्रत्यक्षात कॉलर फिरवल्याने शॉकची एकूण चाल वाढत नाही. गाडी त्या चालीच्या अधिक वरच्या भागात उभी राहते, एवढेच. चाकाला खाली जायला उरलेली जागा त्या प्रमाणात कमी होते आणि वेगरोधकावरून उतरताना शॉक पूर्ण ताणला जाऊन ठक् असा आवाज येऊ लागतो. असा आवाज आला की अनेक जण शॉक खराब निघाला असे समजतात. पुष्कळदा त्यात दोष शॉकचा नसतो, मागितलेल्या उंचीचा असतो.

अप्पर आर्म हा माझ्या मते आफ्टरमार्केटमधून निःशंकपणे घेण्यासारखा भाग आहे. गाडी उचलली की दोन्ही आर्म खाली झुकतात, कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो आणि बहुतेक पिकअपमध्ये कॅस्टर (बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी चालते. कंपनीने लोअर आर्मच्या बोल्टवर अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यासाठी, दिलेली सोय मूळ उंचीच्या आसपास पुरते. तीन इंचांच्या लिफ्टनंतर ती शेवटापर्यंत फिरवूनही कॅस्टर हवा तेवढा मिळेलच असे नाही. चांगल्या आफ्टरमार्केट अप्पर आर्ममध्ये बॉल जॉइंट थोडा मागे सरकवून दोन-तीन अंशांची भर घातलेली असते, जॉइंटला अधिक कोनात फिरण्याची मुभा असते आणि चाक पूर्ण लोंबले तरी आर्म स्प्रिंगला घासत नाही. मात्र हा आर्म निवडताना बाहेरच्या टोकाला काय आहे हे पाहावे. युनिबॉल, म्हणजे धातूत धातू फिरणारा उघडा जॉइंट, कोनाच्या बाबतीत उदार असतो, पण धूळ आणि चिखल त्याला लवकर खातात. रोजच्या वापरातल्या गाडीसाठी रबरी बूट असलेला, ग्रीसिंगची सोय असलेला बंद बॉल जॉइंट मला अधिक योग्य वाटतो. त्यातही तो बॉल जॉइंट सुटा बदलता येतो का आणि सहज मिळतो का, याची चौकशी आर्म विकत घेण्यापूर्वीच करावी.

लोअर बॉल जॉइंटच्या बाबतीत माझा सल्ला नेमका उलट आहे. स्प्रिंग लोअर आर्मवर बसत असल्यामुळे पुढच्या भागाचे वजन याच जॉइंटमधून चाकाकडे जाते. काही रचनांमध्ये हे वजन बॉलला खोबणीत दाबते, तर काहींमध्ये ते बॉलला खोबणीतून बाहेर ओढते. टोयोटा टॅकोमाच्या पहिल्या पिढीची रचना दुसऱ्या प्रकारची आहे, आणि म्हणूनच त्या गाडीचे जाणकार मालक लोअर बॉल जॉइंटसाठी कंपनीच्या भागाशिवाय दुसरे काही सुचवत नाहीत. तो जॉइंट निसटला की चाक बाहेर कोलमडते आणि गाडी जागच्या जागी खाली बसते. वेगात असताना याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. गाडी उचलल्याने या जॉइंटचा कोन काहीसा बदलतो हे खरे, पण लिफ्ट माफक असेल आणि लोंबण्याची मर्यादा राखलेली असेल, तर तो आपल्या हद्दीतच राहतो. त्यामुळे तो कंपनीचाच घ्यावा आणि अधिक वेळा तपासावा. टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), हब, व्हील बेअरिंग आणि नकल (हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) यांनाही मी हाच न्याय लावतो. मोठ्या टायरमुळे हे भाग लवकर झिजतात, आणि म्हणून तर त्यांच्या दर्जात तडजोड करू नये. या भागांत बनावट मालही फिरतो, त्यामुळे नुसते खोके पाहून समाधान मानू नये. पार्ट नंबर जुळवून आणि विश्वासाच्या विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

बुशबद्दल, म्हणजे आर्मच्या बोल्टभोवतीच्या नळीसारख्या अस्तराबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चुकीची समजूत खोलवर रुजलेली आहे. कंपनीच्या आर्ममधला रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेला असतो. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर घसरत नाही, पिळले जाते. याचाच परिणाम असा की आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीला आवळायचे असतात. लिफ्ट बसवताना जुने आर्म तसेच ठेवून त्यांचे बोल्ट सैल केलेच नाहीत, किंवा चाके लोंबत असतानाच ते आवळले, तर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. मग दोष कंपनीच्या बुशला दिला जातो आणि पॉलियुरेथेनचे बुश घेतले जातात. पॉलियुरेथेन कडक असते, स्टिअरिंगला नेमकेपणा देते, पण त्याला ग्रीस लागते, ग्रीस संपले की ते करकरते आणि रस्त्याची कंपने केबिनपर्यंत पोहोचवते. नीट आवळलेला रबरी बुश बहुतेक मालकांसाठी अधिक सुखाचा आणि अधिक टिकाऊ ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

मागच्या बाजूला पर्याय तीन असतात: एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा ठेवणे, पाट्यांच्या गड्डीत एक पाटा वाढवणे किंवा पूर्ण गड्डी बदलणे. ठोकळ्याने स्प्रिंगचा मऊपणा बदलत नाही, पण एक्सलला पिळून पाटे वाकवण्यासाठी अधिक तरफ मिळते, विशेषतः जोर देऊन गाडी जागेवरून काढताना. पुढच्या एक्सलखाली तर ठोकळा कधीच घालू नये. पाटा वाढवला की गाडी वर येते, मात्र रिकामी असताना ती कडक चालते. नेहमी ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी त्या वजनाप्रमाणे बनवलेली आफ्टरमार्केट गड्डी हाच मला योग्य मार्ग वाटतो. यापैकी काहीही केले तरी पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे आणि योग्य लांबीचे घ्यावेत. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये.

काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून एक दांडी चॅसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत जाते. चॅसी आणि एक्सल यांच्यातले अंतर पाहून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी उचलली की अंतर वाढते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. यावर उपाय म्हणजे लिफ्टच्या मापाचा साधा ब्रॅकेट. किंमत किरकोळ, परिणाम थेट ब्रेकवर. लिफ्ट किट घेताना मी हा ब्रॅकेट सोबत आहे का हे आधी पाहतो, कारण किट बनवणाऱ्याने पूर्ण गाडीचा विचार केला आहे की नाही हे त्यावरून लगेच कळते.

पुढे अखंड एक्सल असलेल्या पिकअपमध्ये ट्रॅकबार (एक्सलला आडव्या दिशेने जागेवर धरणारा दांडा) समायोजित करता येणारा घ्यावा लागतो, कारण गाडी उचलली की मूळ ट्रॅकबार एक्सलला एका बाजूला खेचतो. ट्रॅकबार आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) शक्य तितक्या समांतर राहिल्या पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळते.

शॉकच्या बाबतीत कंपनीचे आणि बाहेरचे ही सीमारेषा आता पुसट झाली आहे. फोर्डच्या रॅप्टरमध्ये फॉक्सचे शॉक कारखान्यातूनच येतात, शेव्हरोले कोलोराडो झेडआर2 मध्ये मल्टिमॅटिकचे स्पूल व्हॉल्व्ह (तेलाचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) असलेले शॉक असतात, आणि बिलस्टाइनचे शॉक तर अनेक कंपन्या आपल्या ऑफ-रोड आवृत्त्यांना लावतात. म्हणून नावापेक्षा रचना पाहावी. साध्या ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकमध्ये खडबडीत रस्त्यावर तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉक ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या शॉकमध्ये) वायू आणि तेल वेगळे ठेवलेले असल्याने हे टळते आणि उष्णताही लवकर बाहेर जाते. एखाद्याला आपल्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीतले कंपनीचे शॉक बसवावेसे वाटले, तर कल्पना चांगली आहे, पण लांबी आणि आर्मची मापे जुळतात का ते तपासावे. रॅप्टरसारख्या गाडीचे आर्मच लांब असतात.

स्प्रिंग निवडताना विक्रेत्याला बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आणि मागच्या सामानाचे खरे वजन सांगावे, अंदाजाने वाढवून सांगू नये. कडक स्प्रिंग घेतल्याने गाडीची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही, कारण एक्सल, ब्रेक आणि चॅसी तेच राहतात.

सर्व भाग बसवून झाल्यावर अलाइनमेंट करावे, स्टिअरिंग सेन्सरचे शून्य पुन्हा ठरवून घ्यावे, हेडलाइटचा झोत खाली आणावा आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्टसह सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्यावा आणि त्यावरचा दोन्ही बाजूंचा कॅस्टर वाचावा. पुढे कधी गाडी एका बाजूला ओढू लागली, तर नवे आकडे या कागदाशी ताडून पाहिल्यावर कोणत्या बाजूचा बुश किंवा जॉइंट आधी उघडायचा हे ठरवता येते.