गाळ थांबला, जिवाणू थांबले नाहीत

शेतात शेणखत पडलं की पहिल्या जोरदार पावसाकडे आम्हा पाणी तपासणाऱ्यांचे डोळे लागलेले असतात. शेणातले जिवाणू सर्वांत दाट असतात ते बहुतेकदा पहिल्या ओघळात. तो निसटला तर मागाहून घेतलेले नमुने कितीही काळजीपूर्वक तपासा, चित्र अर्धंच राहतं.

त्या उताराच्या शेतात आम्ही दोन तुकडे शेजारी शेजारी आखले होते. एकात ताजं शेण नुसतं वर पसरलेलं, दुसऱ्यात तेवढंच शेण त्याच दिवशी मातीत मिसळलेलं. दोन्हींच्या खाली दाट गवताचा पट्टा होता. पट्ट्यात शिरणारं आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी वेगवेगळं धरता यावं म्हणून वर-खाली पन्हाळी बसवल्या होत्या. पलीकडे ओढा.

पाऊस कोसळायला लागला. सुरुवातीला जमीन सगळं पाणी पीत होती, मग तिचं पोट भरलं आणि शेणाच्या ढेकळांभोवती तपकिरी पाणी साचून उताराला लागलं. निर्जंतुक बाटल्या भरायच्या, पेन्सिलीने चिठ्ठी लिहायची (शाई अशा पावसात टिकत नाही), बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि पुढची उघडायची, एवढंच चाललं होतं. गवताच्या वरच्या अंगाला पाणी दाट गढूळ होतं. खालच्या पन्हाळीत येणारं बरंच निवळलेलं. शेताचे मालक डोक्यावर पोतं घेऊन माझ्याजवळच उभे होते. त्यांचा चेहरा खुलला.

“ताई, गवतानं सगळं धरून ठेवलं बघा. आता हे पाणी ओढ्यात गेलं तर काय बिघडलं?”

“दादा, ते उद्या कळेल. नजरेला दिसत नाही ते.”

नमुने थंड ठेवले तरी काही तासांतच लावावे लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी कामाला बसलो. पाणी टप्प्याटप्प्याने पातळ करायचं, 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून गाळायचं, पडदा बशीतल्या पोषक माध्यमावर ठेवायचा, आधी 35 अंश सेल्सिअसला दोन तास आणि मग रात्रभर 44.5 अंशांना. ई. कोलाय, म्हणजे जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यात राहणारा जिवाणू, असेल तर जांभळट-लाल ठिपके उगवतात.

सकाळी बशा उघडल्या. नुसतं वर पसरलेल्या तुकड्याच्या बशांवर, गवताच्या वरच्या आणि खालच्या नमुन्यांत, सांगण्यासारखा फरक नव्हता. कमी पातळ केलेल्या बशांवर तर ठिपके एकमेकांत मिसळून मोजण्यापलीकडे गेले होते. गाळ मात्र खरोखरच अडला होता. त्याचं वजन आम्ही वेगळं केलं होतं.

असं का होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गवत पाण्याचा वेग कमी करतं आणि मातीचे जड कण खाली बसतात. ई. कोलायची पेशी जेमतेम एक-दोन मायक्रॉनची. शेणातून सुटलेल्या पुष्कळशा पेशी मातीला न चिकटता पाण्यातच तरंगत जातात, त्यामुळे त्या गाळाबरोबर बसत नाहीत. त्यांना अडवायचं तर पाणी जमिनीत मुरावं लागतं. हलक्या पावसात गवताखाली ते मुरतं आणि पट्टा उत्तम काम करतो. त्या दिवशी पट्टाच पाण्याने तुडुंब झाला होता. मातीत मिसळलेल्या तुकड्यातून जिवाणू पुष्कळ कमी आले, आणि त्या दिवसाची खरी चांगली बातमी तीच होती.

बहुतेक ई. कोलाय निरुपद्रवी असतात. आम्ही त्यांना विष्ठेची खूण म्हणून मोजतो. भीती असते ती त्यांच्यासोबत येऊ शकणाऱ्यांची. मे 2000 मध्ये कॅनडातल्या वॉकरटन गावात जोरदार पावसानंतर जवळच्या शेतातल्या शेणखतातून ई. कोलायचा घातक प्रकार ओ157:एच7 आणि कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू गावाच्या विहिरीत उतरले. क्लोरिनही पुरेसं नव्हतं. 2300 वर लोक आजारी पडले, सात जण दगावले. चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही, कारण शेणखत त्याने रूढ चांगल्या पद्धतीनेच घातलं होतं. शेतकऱ्यांशी बोलताना मी हे आवर्जून सांगते. शेणातून येऊ शकणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी तर आणखी चिवट. पाणीपुरवठ्यात नेहमी वापरतात तेवढ्या क्लोरिनला तो दाद देत नाही.

“म्हणजे शेणखत घालायचंच नाही का?” दादांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

घालायचंच, मी म्हटलं. जमिनीला त्याच्याइतकं दुसरं काय देणार? पण जोराचा पाऊस तोंडावर असेल तेव्हा नाही, ओढ्याच्या काठापर्यंत नाही, आणि घातलं की त्याच दिवशी मातीआड करायचं. त्याहून चांगलं म्हणजे ढीग रचून कुजवायचं. आत 55 अंशांची उष्णता काही दिवस टिकली आणि ढीग वरचेवर उलटून बाहेरचा भाग आत गेला, तर बहुतेक रोगजंतू मरतात. नुसतं जुनं झालेलं शेण म्हणजे कुजलेलं खत नव्हे. वरच्या कोरड्या पापुद्र्याखाली जिवाणू आठवडेच्या आठवडे तग धरतात.

मग त्यांनीच उताराच्या पायथ्याच्या विहिरीकडे बोट दाखवलं. घरातलं पिण्याचं पाणी तिथलंच. लगेच नमुना घेतला. त्यात ई. कोलाय निघाला नाही, पण कॉलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जिवाणूंचा मोठा गट, यातले काही मातीतही असतात) निघाले, म्हणजे वरचं पाणी कुठून तरी आत शिरत असण्याची शक्यता होती. कठडा चिरलेला होता. तो दुरुस्त करून पुढचा नमुना स्वच्छ येईपर्यंत पाणी खळखळून उकळून प्या, असं सांगून मी पुढच्या तपासणीची तारीख वहीत लिहिली.