बंद खोलीतला बॉईल: एक्झॉस्ट फॅनवरून स्टीम कंडेन्सरवर

बंद खोलीत बिअर बनवताना उकळण्याच्या वाफेचं करायचं काय, म्हणून शेवटी कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारी जोडणी) बसवला आणि त्याच्यावर एका पेल एलचा (फिकट रंगाची बिअर) अख्खा ६० मिनिटांचा बॉईल झाला. भिंती कोरड्या, छत कोरडं, काचेवर जरासं धुकं, बस. इतके दिवस फॅनच्या मागे लागलो होतो, पण आता मत पक्कं झालंय की खोली लहान आणि बंद असेल तर वाफ खेचत बसण्यापेक्षा मुळात ती कमी तयार करायची आणि केटलच्या (उकळायच्या भांड्याच्या) तोंडाशीच तिचं पाणी करून टाकायचं.

आधी आकडे बघा, कारण वाफ नेमकी किती होते याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी येत नाही. केटलमध्ये २५ लिटरच्या आसपास वर्ट (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्याचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते), ३५०० वॉटचं इलेक्ट्रिक एलिमेंट (गॅस बर्नर बंद खोलीत नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जातो), झाकण उघडं ठेवून तासाला साधारण ४ लिटर पाणी उडायचं. आता २५ डिग्रीची हवा एका घनमीटरमध्ये फार तर २३ ग्रॅम वाफ धरते आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर त्यातली निम्मी जागा आधीच गेलेली असते. म्हणजे ३ बाय ४ ची, अडीच मीटर उंचीची खोली धरली तर ३० घनमीटर, त्यात जेमतेम ३५० ग्रॅम वाफ मावणार, आणि आपण ओततोय ताशी ४००० ग्रॅम! पाच-सहा मिनिटांत हिशोब संपला. खोली तापते म्हणून थोडी जास्त मावते हे खरं, पण भिंती थंडच असतात आणि पाणी तिथेच उतरतं, मग बुरशी, फुगलेलं प्लायवूड, सोललेला रंग.

फॅनचं गणितही यातूनच निघतं. ताशी ४ लिटर बाहेर काढायचे तर कागदावर ताशी ३५० घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात दुपटीच्या पुढचा फॅन घ्यावा, कारण बॉक्सवर लिहिलेला आकडा डक्ट न जोडता मोजलेला असतो आणि प्रत्येक वळणावर फ्लो घटतो. हूड केटलपेक्षा चारी बाजूंनी १५ सेंटिमीटर तरी मोठं हवं, आतल्या कडेला पन्हळ हवी नाहीतर थेंब परत वर्टमध्ये पडतात, डक्टला बाहेरच्या बाजूला उतार हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवढी हवा बाहेर तेवढीच आत यायला वाट पाहिजे, दार-खिडकी सगळं घट्ट लावलं तर कितीही मोठा फॅन नुसता आवाज करतो. हे सगळं केलं की फॅन चालतो, उत्तम चालतो, फक्त ज्या खोलीतून डक्ट बाहेर काढायलाच जागा नाही तिथे काय करणार?

तर कंडेन्सर. झाकणाच्या कडेला ट्राय-क्लॅम्पचा टी (क्लॅम्पने बसवायचा टी आकाराचा पाईप), त्यात बारीक स्प्रे नोझल, त्याला थंड पाण्याची लाईन आणि खालून सिलिकॉन होज थेट ड्रेनकडे. वाफ टीमध्ये शिरते, फवाऱ्याला लागून पाणी होते, तिथला दाब किंचित कमी होतो आणि मागची वाफ आपोआप ओढली जाते. माझं नोझल ताशी २३ लिटर पाणी घेतं. झाकण बंद असल्यामुळे उष्णता केटलमध्येच राहते, मग १५०० वॉटवर मस्त रोलिंग बॉईल मिळतो आणि बॉईल-ऑफ (उडून जाणारं पाणी) तासाला २ लिटरवर येतो. एवढी वाफ २० डिग्रीच्या २३ लिटर पाण्यात जिरली की ड्रेनचं पाणी गणिताने ७० डिग्रीच्या आसपास निघतं, मी थर्मामीटर लावला तर जवळपास तेवढंच आलं, फार समाधान वाटलं. म्हणूनच होज सिलिकॉनचाच घ्या, साधा पाईप एवढ्या गरम पाण्यात लुळा पडतो. हे पाणी बादलीत साठवतो आणि मॅश टन (माल्ट गरम पाण्यात भिजवायचं भांडं) धुवायला वापरतो.

सेफ्टीचं नीट वाचा. होजचं टोक पाण्यात बुडवायचं नाही, त्याला पीळ पडू द्यायचा नाही, वाफेचा रस्ता कायम मोकळा. हॉट ब्रेकचा (उकळी फुटताना प्रथिनांमुळे येणारा) फेस खाली बसेपर्यंत झाकण उघडं, नाहीतर फेस सरळ टीमध्ये घुसतो. पॉवर बंद केली की लगेच झाकण उचलायचं आणि मग पाणी बंद करायचं, कारण आतली वाफ आकसते आणि केटल ड्रेनमधलं पाणी उलटं आत ओढू शकते. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकताना पॉवर कमी करून झाकण थोडंसं सरकवतो, तेवढ्या वेळात येणारी वाफ काहीच नाही.

झाकण बंद म्हणजे डीएमएसचं (डायमिथाइल सल्फाइड, गरम वर्टमध्ये तयार होणारं वासाचं रसायन) काय, हा प्रश्न येणारच. नुसतं झाकण ठेवलं तर भीती खरी आहे, झाकणाला लागलेलं पाणी डीएमएस घेऊन परत वर्टमध्ये ठिबकतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. कंडेन्सरमध्ये वाफ सतत बाहेर ओढली जाते आणि डीएमएस तिच्याबरोबर ड्रेनमध्ये जातं, त्याचा उत्कलनबिंदूच ३७ डिग्री आहे. पेल एलला मक्याचा वास अजिबात नाही. पण पेल माल्ट जास्त तापमानावर भाजलेलं असतं, त्यात एसएमएम (माल्टमधलं द्रव्य, ज्यापासून डीएमएस तयार होतं) आधीच कमी, त्यामुळे ही काही खरी परीक्षा नाही.

खरी परीक्षा पुढच्या बॅचला, १०० टक्के पिल्सनर माल्ट, जे कमी तापमानावर वाळवलेलं असतं आणि त्यात एसएमएम जास्त. उकळत्या वर्टमध्ये एसएमएम साधारण ४० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ६० ऐवजी ९० मिनिटं उकळणार आणि नंतर चिलरने पटकन ८० च्या खाली आणणार, कारण गरम वर्टमध्ये डीएमएस तयार होत राहतं पण उडून जात नाही. बॉईल-ऑफ निम्मं झाल्यामुळे स्पार्जचं (माल्टमधली उरलेली साखर धुऊन काढायचं) पाणीही त्या हिशोबाने कमी घ्यावं लागतंय, नाहीतर ओजी (आंबवण्याआधीची वर्टची घनता) खाली येते. कोणी कंडेन्सरवर लागर (कमी तापमानावर आंबवलेली बिअर) केली असेल तर नोझलचा फ्लो आणि पॉवर किती ठेवली ते सांगा, मला १५०० च्या खाली जाता येतं का बघायचंय.