दोन घड्याळांचा बाजार

नकाशात सोलापूरवर बोट ठेवा आणि सरळ वर न्या. इंदूर लागेल, कोटा, जयपूर, लुधियाना, कारगिल. मग काराकोरमचे डोंगर ओलांडले की बोट चीनच्या शिंजियांग प्रांतातल्या काशगर शहरावर टेकतं. रेखांश जवळजवळ तोच, 76 च्या आसपास. म्हणजे आमच्या सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हाच काशगरातही येतो. फरक एवढाच, की तेव्हा आमच्याकडे साडेबारा वाजलेले असतात आणि काशगरच्या सरकारी घड्याळात तीन. 1949 नंतर अख्ख्या चीनला एकच वेळ लागू झाली, बीजिंगची. आणि बीजिंग तिथून कित्येक हजार किलोमीटर पूर्वेला.

उईघुर, म्हणजे तिथल्या मुस्लिम समाजाच्या, माणसाने यावर आपला उपाय काढलेला. तो मनगटावर दोन तास मागची, स्थानिक वेळ बाळगतो. स्टेशन, बँक, कचेरी बीजिंगच्या वेळेवर; भट्टी, कढई आणि चहा स्थानिक वेळेवर. त्यामुळे कुणी ‘चार वाजता भेटू’ म्हणालं की लगेच विचारायचं, कुणाचे चार? 2012 च्या जुलैत आम्ही तिथे होतो तेव्हा सुरुवातीला हा हिशेब वहीत मांडत होतो. पुढे वही मिटली. बाजारात काय शिजतंय ते बघितलं की किती वाजले ते कळायचं.

सकाळ नानवाल्याची. त्याची भट्टी, तोनूर, मातीच्या चौथऱ्यात पुरलेली असते आणि तोंड आकाशाकडे. काम तिघांचं. एक जण कणकेचा गोळा बोटांनी फाकवत नेतो, मधे पातळ आणि कडेला जाड. दुसरा त्याच्या मधोमध ठसा मारतो. हा ठसा मला फार आवडला. कोंबडीच्या पिसांच्या दांड्या जुडीने बांधून केलेला. दाबला की नानेवर भोकांची नक्षी उठते. नुसती हौस नाही ती. भोकं पडली की मधला भाग फुगत नाही, फुगतात त्या फक्त कडा. वर चिरलेला कांदा आणि तीळ. मग तिसरा गडी नान एका गुबगुबीत उशीवर पालथी घेतो, खांद्यापर्यंत हात भट्टीत घालतो आणि तापलेल्या भिंतीवर थापतो. भिंतीवर आधी मिठाचं पाणी शिंपडलेलं असतं. या माणसाच्या हातावर केस नव्हते, हे वेगळं सांगायला नको.

निघालेल्या नाना दुकानाबाहेर टेबलावर रचून ठेवलेल्या. फडकं नाही, काच नाही. शाळेला निघालेली पोरं एक उचलून चालता चालता तोडत जातात. या भाकरीचे नियम मात्र कडक. सुरी लावायची नाही, हातानेच तोडायची. पालथी ठेवायची नाही. जमिनीवर तुकडा पडला तर उचलून उंचावर, कुणाचा पाय लागणार नाही असा ठेवायचा. हे सगळं आम्हाला एका गालिचेवाल्याने उर्दूत समजावलं. खुंजेराब खिंडीतून पाकिस्तानी व्यापारी काशगरला येतात, त्यांच्याशी व्यवहार करून करून या दुकानदारांची उर्दू चांगली घोटलेली. आम्हीही हिंदी दामटली. भावात मात्र या भाषेचा काही उपयोग झाला नाही.

रविवारी जनावरांचा बाजार. शहराबाहेर, धुळीत. ‘पोश! पोश!’ असं कुणी मागून ओरडलं की आधी बाजूला व्हायचं, नंतर वळून बघायचं. गाढवाची गाडी तोवर अंगावर आलेली असते. दुंबा मेंढ्या गळ्याशी गळा बांधून एका ओळीत उभ्या, त्यांच्या मागच्या चरबीच्या गाद्यांवर गिऱ्हाईक हात मारून अंदाज घेतंय. सौदा तोंडाने होतच नाही. मधला दलाल दोघांचे हात धरतो, हात बाहीत गुडूप होतात आणि आत बोटं बोलतात. बघणाऱ्याला फक्त चेहरे दिसतात, आणि चेहरे कसले बेरकी! सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात ज्याने रुमालाखालचा सौदा पाहिलाय त्याला इथे दुभाषा लागणार नाही. एक म्हातारा तर हात हिसडून तरातरा निघून गेला, पण वेग मुद्दाम बेताचा ठेवून. दलाल त्याला परत आणणार हे तिथल्या मेंढ्यांनाही ठाऊक असावं.

दुपार पोलोची, म्हणजे तिथल्या पुलावाची. माणूस आत बसेल एवढी कढई, तिच्यात मेंढीच्या चरबीत परतलेलं मांस, कांदा, पिवळ्या गाजरांच्या जाडसर सळ्या आणि वर वाफेवर शिजलेला भात. मसाला जवळपास नाहीच. मीठ, आणि फार तर जिरं. आपल्याकडच्या पुलावाला खड्या मसाल्याची सवय असल्यामुळे पहिला घास सौम्य लागतो; मग गाजराचा गोडवा आणि चरबीचा खमंगपणा एकदमच कळतो. माझं स्पष्ट मत, पिवळं गाजर नसेल तर त्याला पोलो म्हणू नये. आणि ज्याला खायचाय त्याने सूर्य माथ्यावर असतानाच जावं. सरकारी घड्याळावर विसंबून बारा वाजता गेलात तर चूल नुकती पेटलेली, आणि शहर पाहून सावकाश पाचला गेलात तर पोरगा कढई घासतोय.

इथे वाचकांपैकी निम्म्यांच्या मनात आलेला प्रश्न घेऊन टाकतो. शाकाहारी माणसाने काय खायचं? आमच्याबरोबर एक शाकाहारी काका होते. गालिचेवाल्याकडून त्यांनी ‘गोश-सिझ’, म्हणजे मांसाविना, हे शब्द पाठ करून घेतले होते. लगमनच्या, म्हणजे हाताने ओढलेल्या शेवयांच्या, दुकानात काकांनी ते मोठ्याने म्हटले. आचाऱ्याने मान डोलावली, तेल लावून चकलीसारखी गुंडाळून ठेवलेली कणकेची दोरी उचलली, दोन्ही हातांवर गुंडाळत ओढली, फळीवर आपटली, पुन्हा ओढली. बघता बघता शेवया झाल्या. उकळून ताटात घातल्या. मग टोमॅटो, ढोबळी मिरची आणि कांद्याच्या रश्श्यातून मांसाचे तुकडे डावाने एकेक करून बाजूला सारले आणि उरलेलं काकांच्या ताटात प्रेमाने ओतलं. काकांनी ताटाकडे पाहिलं, आचाऱ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते नान, दही, खरबूज आणि तुर्पानचे बेदाणे यांवर राहिले. तब्येत आमच्यापेक्षा त्यांचीच चांगली राहिली.

ऊन कलायला लागलं की दोग. बर्फाची लादी सुरीने किसायची, त्यात घट्ट दही आणि साखरेचा पाक. हे सगळं वाडग्यात ढवळून भागत नाही. विक्रेता ते मिश्रण वर हवेत उडवतो आणि खाली वाडग्यात झेलतो, पुन्हा पुन्हा, एक थेंब न सांडता. बर्फ कुठल्या पाण्याचा, हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात आला आणि प्रत्येकाने दुसऱ्याला तो विचारायची संधी दिली. शेवटी कुणीच विचारला नाही.

हे सगळं 2012 मधलं. तेव्हाच जुन्या शहराची मातीची घरं पाडून नवी बांधायचं काम जोरात चाललं होतं. 2017 पासून मात्र तिथे उईघुरांना मोठ्या संख्येने छावण्यांमध्ये डांबलं गेलं. कबाबवाल्यांच्या, खाटकांच्या सुऱ्या साखळीने टेबलाला बांधल्या गेल्याचीही वर्णनं आली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या मानवाधिकार संघटनेने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकाने सांगितलंय, की त्याच्या ओळखीच्या माणसाला घड्याळ स्थानिक वेळेला लावलं म्हणून ताब्यात घेतलं. ते वाचलं तेव्हा मला त्या बाजारातली सगळी मनगटं आठवली. सूर्य जेव्हा डोक्यावर येतो तेव्हा तीनऐवजी एक वाजला म्हणणं, हा गुन्हा! आम्ही ज्याची गंमत करत होतो ती गोष्ट त्या लोकांनी रोज किती सहजपणे पाळली होती, आणि ती पाळायला पुढे काय किंमत पडणार होती, याचा आम्हाला पत्ताही नव्हता.

संध्याकाळ तिथे उशिरा होते. जुलैत सरकारी घड्याळात साडेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ईदगाह मशिदीसमोरच्या रात्रीच्या बाजारात तेव्हा धूरच धूर. कबाबाच्या सळईवर मांस, चरबी, मांस असा क्रम, वर जिरं आणि तिखट भुरभुरलेलं. शेजारी ओप्के-हेसिप. हेसिप म्हणजे भात, काळीज आणि चरबी भरलेलं आतडं. ओप्के म्हणजे मेंढीचं फुप्फुस. ते पाण्याने धुऊन धुऊन पांढरं करतात, मग श्वासनलिकेतून त्यात पिठाचं पातळ पाणी ओतत राहतात. फुप्फुस फुगत फुगत घमेल्याएवढं होतं. नळी बांधून ते उकडतात. चव म्हणाल तर मऊ, काहीशी खरवसासारखी. पण आधी बघून मग खायचं असेल तर धीर लागतो. मी आधी खाल्लं.

आणि गाडीवर अंजिरं, आर्तुशची. काशगरजवळचंच हे शहर, तिथली अंजिरं पिवळी, चपटी आणि इतकी नाजूक, की झाडावरून काढली की दिवसभरात संपवावी लागतात. त्यामुळे ती दुसरीकडे फारशी पोचत नाहीत. विकणारी बाई प्रत्येक अंजीर अंजिराच्याच पानावर ठेवते. तुम्ही मागितलं की पानात गुंडाळून दोन तळहातांत फटफट थोपटते. आत सगळा मध एकसारखा पसरतो म्हणे. मग हातावर देते, आणि ते तिथल्या तिथे, उभ्याउभ्या खायचं. आम्ही खात गेलो, ती थोपटत गेली. पैसे द्यायच्या वेळी तिचा आकडा आमच्यापेक्षा मोठा निघाला. गालिचेवाला आमच्या बाजूने बोलायला पुढे सरसावला. बाईने काहीही न बोलता खाली वाकून आमच्या पायाशी पडलेली पानं गोळा केली आणि एकेक करून गाडीवर मांडायला सुरुवात केली. तिसऱ्याच पानाला गालिचेवाल्याने आम्हाला पाकीट काढायची खूण केली.