पोट ट्रकवर, मग विरोध ट्रकला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भुईकाटा, म्हणजे ट्रकचं वजन करणारा मोठा काटा, चालवणारा माणूस जड ट्रकच्या विरोधात बोलतो, हे पाहुण्यारावळ्यांना तर सोडाच, काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हरलाही पटत नाही. "शेठ, गाडी जड झाली तर तुमचं काय जातंय? पावती तर फाटणारच की!" खरं आहे. गाडी मोठी तशी पावतीही मोठी.

शिरवळच्या अलीकडे, पुणे-सातारा हायवेला लागून माझा काटा आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रकची वजनमर्यादा वाढवली. सहाचाकीचं पासिंग, म्हणजे मालासकट गाडीला परवानगी असलेलं एकूण वजन, १६.२ टनांवरून १८.५ वर गेलं, दहाचाकीचं २५ वरून २८.५ वर, आणि मोठ्या ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर. फेऱ्या कमी होतील, डिझेल वाचेल, ओव्हरलोडही घटेल, असा हिशोब होता. मलाही तेव्हा तो पटला होता.

पण रस्त्याला ट्रकचं एकूण वजन कळत नाही. त्याला कळतो एकेक एक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं ज्यावर बसतात तो दांडा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले आणि रस्ता किती खचतो ते मोजलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम इंजिनिअर लोक आजही वापरतात: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की नुकसान सोळापट. आपल्याकडे चार टायरच्या एका एक्सलला आधी १०.२ टनांची परवानगी होती, आता ११.५ आहे. वजन वाढलं तेरा टक्के. त्या नियमानं नुकसान वाढतं साठ टक्क्यांहून जास्त. म्हणून मला ५५ टनांचा राग नाही. तेवढंच वजन जास्त एक्सलवर वाटून न्या, मी गप्प बसतो. माझं भांडण एकेका एक्सलवर लादलेल्या ओझ्याशी आहे.

हे पुस्तकातलं झालं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

एकदा खडीची सहाचाकी आली. अख्खी गाडी काट्यावर घेऊन पावती दिली. मग सहज वाटलं म्हणून ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, जरा पुढं घ्या, नुसती मागची चाकं राहू द्या काट्यावर." तो हसला, पण घेतली. आकडा हलत हलत १४,३८० किलोवर थांबला. परवानगीपेक्षा चौथाईनं जास्त, म्हणजे रस्त्याचं नुकसान जवळपास अडीचपट. टायर खाली असे फुगले होते की जोडीच्या दोन टायरांमधून उजेड दिसत नव्हता. मी आकड्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "शेठ, भाडं टनावर आहे. पासिंगएवढंच भरलं तर डिझेल आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता जाऊन हातात काय उरतंय?"

मर्यादा वाढल्यावर ओव्हरलोड का थांबला नाही, याचं उत्तर त्यानं तिथंच दिलं. सगळ्यांच्याच गाडीत जास्त माल बसायला लागला तेव्हा टनाचा भाव पडला. मग पूर्वीइतकं कमवायला पुन्हा मर्यादेच्या वर भरा. २०१९ पासून दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा झालाय. तरी गाड्या भरूनच येतात. का, ते मी कशाला सांगू, हायवेवर राहणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि जड गाडी थांबवायची कशी? चढाला ती खंबाटकी घाटात फसते, एक्सल तुटला की पुण्याकडून येणारी रांग खाली साताऱ्याकडच्या खंडाळ्यापर्यंत लागते. उताराला मात्र ब्रेक तापतात. ब्रेकचे लायनर जळल्याचा तो करपट वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. पुण्यात शिरतानाचा, नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आठवा. २०२२ च्या नोव्हेंबरात एका अवजड गाडीनं तिथं कितीतरी वाहनं ठोकरली. ती ओव्हरलोड होती असं माझं म्हणणं नाही. तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारेही कमी नाहीत. पण त्या उतारावर प्रत्येक जादा टन ब्रेकलाच आवरावा लागतो, आणि पुढे स्कूटरवर दोन पोरं घेऊन चाललेल्या बाईला मागच्या गाडीचं पासिंग किती ते कुठून कळणार?

रेल्वेनं न्या म्हणावं, तर रेल्वेत माल चढवा, पुढच्या स्टेशनावर उतरवा, पुन्हा ट्रकमध्ये भरा, हे कुणाला परवडत नाही. तेही मला कळतं.

राहिला माझ्या तोट्याचा प्रश्न. हायवेवरून काट्यावर यायला साठ-सत्तर फुटांचा कच्चा रस्ता आहे, तो माझ्याच जागेत. चाकं वळतात तिथं दर पावसाळ्यात गुडघाभर खड्डा पडतो. यंदा ऑगस्टपर्यंत दोनदा मुरूम टाकला, तिसऱ्यांदा खडी मागवली. खडी घेऊन आलेली गाडी त्याच खड्ड्यात रुतली. बाहेर काढायला जेसीबी बोलवावा लागला. त्याचं भाडं मीच दिलं, आणि त्या गाडीची पावतीही फाडली.